परखड विचारांचा फळा

“माझा फळा हाय, मी त्याच्यावर काय बी लिवीन! तुझं नाव कुठं लिवलंय, दाव की!”

युवराज एवढ्या मोठ्यानं वरडला की रांगंतल्या दोन म्हाताऱ्यांच्या हातातल्या किटल्या हिंदकाळल्या. त्याच्यापुढं म्हाळसाबाई उभी. पदर खोचल्याला, हातात दावं, आन त्या दाव्याला खरीखुरी म्हस.

“मला वाचाया येत न्हाय बाबा,” ती म्हणाली. “पर रांगंत माझ्याकडं बगून कोण कोण हसलं, ते मला वाचाया येतं.”

मित्रांनो, ज्याच्यावरनं हे भांडाण पेटलं तो फळा म्हंजी मी. मी जुना हाय, एका कोपऱ्याला वाळवी लागलीया, आन पणदऱ्याच्या दूध केंद्राच्या भिंतीवर दोन खिळ्यांना लटकलोय. तुमी म्हणाल, फळा कुठं बोलतो व्हय? मग युवराज तरी कुठं इचार करतो? तरी बी रोज लिवत व्हताच की.

आदी माझं सांगतो, म्हंजी तुमाला कळंल मी कुणाकुणाचं काय काय सोसलंय. इंदापुरात एका सुतारानं जांभळीच्या फळ्या जोडून मला केलं. मग एका शाळंत गेलो. पोरं बॅटरीच्या सेलातला कोळसा कुटायची, पाल्याच्या रसात कालवायची आन मला काळा करायची. ते बरं व्हतं. बेरजा बी बऱ्या. बेरीज चुकली तर पुसत्यात, नीट करत्यात, कुणाच्या घरात चूल बंद पडत न्हाय. सुविचाराचं मात्र मला पयल्यापासनं वाकडं. एका मास्तरनं ‘वेळ म्हंजे सोनं’ लिवलं तवा अकरा वाजून गेल्यालं. पुढं भिंतीलाच शिमीटाचा फळा केला आन मला व्हरांड्यात टाकलं. माझ्याआड एक कोंबडी अंडी घालायची. गपगुमान घालायची आन जायाची. तिचं काम युवराजपरीस चोख व्हतं.

युवराज आला शहाण्णव साली. बारावीला दोनदा बसल्याला, पुण्यात तीन म्हैनं राहिल्याला. तितल्या चौकात फळं बगून आला, आन आपला बी एक पायजे म्हणून हटून बसला. मला सायकलीच्या क्यारेजला बांधून आणलं आन पयलं काम काय केलं? वर ऑइलपेंटनं ठसठशीत लिवलं, ‘युवराज यांचे परखड विचार’. विचार अजून एक बी न्हवता, पर पाटी तयार.

केंद्राचं सेक्रेटरी मोहनराव. भिंत केंद्राची, म्हणून त्यानला इचाराया लागलं.

“रोज काय लिवणार?” मोहनराव म्हणालं.

“सुचंल ते.”

“आन न सुचंल त्या दिशी?”

युवराज हसला. मला खिळ्याला टांगता टांगता हसला. मोहनरावांचा तेवढा एक प्रश्न त्यानं घरी नेऊन उशीखाली ठेवला असता, तर म्हाळसाबाईला म्हस हिंडवाया लागली नसती.

नऊ दिस पुरलं त्याचं डोकं. थुंकू नका. टीव्ही कमी बगा. तरुणांनो, जागे व्हा. त्यो लांब उभा राहून बगायचा आन मित्राला म्हणायचा, “आख्खं गाव वाचतंय.” आरं गाढवा, गाव धार काढून किटली घिऊन रांगंत उभं हाय. म्होरं फळा हाय म्हणून बगतंय. मी यायच्या आदी हीच माणसं पेंडीच्या पोत्यावरची जाहिरात वाचायची, आन ती जास्त आवडीनं.

ज्यानला वाचता येत न्हाय, त्यानला आबाजी मोठ्यानं वाचून दावायचा, वर आपलं पदरचं घालायचा. “तरुणांनो, जागे व्हा. कोण म्हणतंय? युवराज म्हणतोय. आमचं तरुण पाचाला उठून धार काढत्यात, ह्यो आठाला उठून त्यानला जागं करतोय!” रांग खो खो हसायची. युवराजला वाटायचं, आपल्याला मान मिळतोय.

धाव्या दिशी त्यानं लिवलं, ‘आज थंडी आहे.’ गोधड्या पांघरून उभ्या असल्याल्या माणसान्ला ही बातमी.

अकराव्या दिशी खडू हातात घिऊन नुसताच उभा. डोकं खणखणीत रिकामं. तेवढ्यात पाठीमागं म्हाळसाबाईचा नंबर आला. तिची एकच म्हस. तिचं आन तिच्या सुनंचं, नकोशीचं, घर त्याच म्हशीवर. मोहनरावांनी दुधात काचंची नळी सोडली. दूध दाट असलं की नळी वर ऱ्हाती, पातळ असलं की बुडती. ती बुडली. चोवीस डिग्री, पायजे अठ्ठावीस. मोहनराव चांगला माणूस, हळूच म्हणालं, “म्हाळसाबाई, आज न्हाय घेता येत. उद्या बगू.” ती किटली झाकून गेली. संपलं व्हतं तितंच.

पर युवराजनं ऐकलं. त्याचं तोंड असं खुललं, जणू उपाशी मांजराम्होरं कुणी वाटी ठेवली. खडू करकरला, ‘पाण्याला दूध म्हणून विकणाऱ्यांनी लाज धरावी.’

नाव घातलं न्हाय. त्याला वाटलं, आपण लई सभ्य. आरं, त्या सकाळी आख्ख्या रांगंत एकच किटली परत गेल्याली! नाव घालाया लागतंय कशाला?

त्या दिशी पयल्यांदा लोकांनी माझ्यावरचं दोनदा वाचलं. आबाजीनं बी पदरचं काय घातलं न्हाय, नुसतं वाचून दावलं. युवराजला ही गर्दी एवढी गोड लागली की त्यानं ते चार दिस पुसलंच न्हाय. तिसऱ्या दिशी ते कऱ्हाटीला पोचलं, नकोशीच्या माहेरी. तिच्या बापानं निरोप धाडला, तुमी पाणी घालता हे खरं हाय का? चौथ्या दिशी रांगंतली चार टगी माणसं मोहनरावांच्या अंगावर गेली, आन मोहनरावांनी मान खाली घालून म्हाळसाबाईचं दूध घ्यायचंच बंद केलं.

म्हणून पाचव्या सकाळी ती म्हस घिऊन आली, आन ते सुरवातीचं भांडाण पेटलं.

“मोहनराव, तुमची काच काढा,” ती म्हणाली. “हितंच पिळते. सगळ्यांच्या म्होरं. पाण्याचा थेंब कुठनं येतो ते बगा.”

म्हस खुट्ट्याला बांधली, बाई खाली बसली, गुडघ्यात किटली धरली. पर म्हस ती म्हस. परकी जागा, भवती पन्नास माणसं. तिनं पान्हा चोरला. म्हाळसाबाई सडाला हात लावती, म्हस लाथ झाडती. एक थेंब न्हाय.

“आटली वाटतं!” युवराज म्हणाला. दोघं-चौघं हसलं.

मला वाटलं, झालं. आज धार निघाली न्हाय तर ह्या बाईचं नाव कायमचं गेलं. मी खिळ्यावर टांगल्याला, तोंडावर तिची बदनामी, करणार काय?

म्हाळसाबाई उठली न्हाय. “नकोशे,” ती म्हणाली, “रेडकू सोडून आण.” नकोशी पळाली. म्हातारी तशीच म्हशीच्या कासंवर कपाळ टेकून बसली, कायतरी पुटपुटत. युवराजनं दोनदा घड्याळ बगितलं. रेडकू आलं, धडपडत कासंला भिडलं, चार ढुसण्या दिल्या, आन म्हशीनं पान्हा सोडला. किटलीत धार वाजली.

मोहनरावांनी नळी सोडली. वाकून बगितलं. परत बगितलं.

“तेवीस,” ते म्हणालं. “सडातनं थेट तेवीस. म्हंजी त्या दिशीचं चोवीस चोखच व्हतं.” मग रांगंकडं वळून, “दोन म्हैनं झालं, उसाच्या शेंड्यावर, नुसत्या वाढ्यावर हाय म्हस. पेंडीचा तुकडा न्हाय. दूध पातळ पडणार न्हाय तर काय व्हईल? मलाच कळाया पायजे व्हतं.”

“लिव,” म्हाळसाबाई युवराजला म्हणाली.

“मी तुमचं नाव घेतलंच न्हवतं.”

“म्हंजी आमी सगळी आंधळी व्हय रं?” आबाजी खेकसला. “चार दिस वाचून दावलंय मी, माझी बी जीभ विटाळली. लिव!”

“माझा फळा हाय—”

“भिंत केंद्राची हाय,” मोहनराव म्हणालं. “लिवतोस का खिळं उपटू?”

लिवलं. मोठ्या परखड विचारांच्या खाली बारक्या अक्षरात, ‘म्हाळसाबाईचे दूध चोख आहे. माझे चुकले.’ मोहनरावांनी तितल्या तितं दूध घेतलं. दुसऱ्या दिशी युवराज फडकं घिऊन पुसाया आला, तर म्हाळसाबाई रांगंत उभीच. “ते चार सकाळी व्हतं,” ती म्हणाली, “हे चाळीस सकाळी ऱ्हाऊ दे.” त्यानं फडकं आपटलं आन गेला. परखड विचार संपलं.

मित्रांनो, तुमाला बी आपापला फळा टांगायची खाज सुटली आसंल. टांगा. पर धाव्या दिशी काय लिवणार ते आदी ठरवा, म्हंजी अकराव्या दिशी दुसऱ्याची अब्रू खडूनं खरवडाया लागणार न्हाय. काय सुचलं न्हाय तर कोरा ठेवा. कोऱ्या फळ्याला आजवर कुणी हसल्यालं न्हाय.

आज इंदापूरचा शंभूराज मला न्ह्याया टेम्पो घिऊन आलाय. त्याला बी विचार मांडायचं हायत. खिळं निघालं, मी खाली आलो. त्यानं मला पुसाया रुमाल भिजवला, तर म्हाळसाबाईनं किटली खाली ठेवून त्याच्या हातातली बांधायची दोरी घेतली.

“तोंड भायेर करून बांधू या,” ती म्हणाली. “बारामतीत बाजार भरलाय. इंदापूरपत्तुर लोकान्ला दिसू दे.”

“पर मावशी, वर युवराजचं नाव हाय की.”

“ऱ्हाऊ दे. त्यानंच लिवलंय.”

गाठ तिनं सोता मारली, दोनदा वढून बगितली. डायव्हरनं चावी फिरवली. मला आता निघाया पायजे.