पहिल्या पातळीचा खुजा

सौमित्र आणि मी जो खेळ खेळतो त्याचं नाव लांबलचक इंग्रजी आहे. घरात आम्ही त्याला नुसतं ‘गड’ म्हणतो. शाळेतून आल्यावर त्याचं जेवण झालं की मी टॅब काढते आणि आम्ही दोघं दिवाणावर पालथे पडून एक डाव लावतो. सासूबाई तेव्हा झोपलेल्या असतात. खरं म्हणजे त्या झोपल्या की मगच आम्ही टॅब काढतो.

खेळात प्रत्येकाचा एक गड असतो आणि गडावर दर आठवड्याला सैन्य तयार होतं. सगळ्यात वरच्या पातळीला अजगर, राक्षस वगैरे. सगळ्यात खालच्या, पहिल्या पातळीला किरकोळ जीव. बहुतेक लोक अजगराच्या मागे लागतात. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि लग्नानंतर त्याचा उपयोग झाला तो एवढाच, की सुरुवातीला अजगर परवडत नाही आणि निम्मा डाव पहिल्या पातळीच्या जीवांवरच ठरतो, हे मी मुलाला आकडे मांडून पटवून दिलं. मग त्यांतले कोण घ्यायचे? भालेवाले चिवट, पण सुस्त. पऱ्या उडत जाऊन वार करून परत जागेवर येतात, पण फुंकर मारली तरी मरतात. सांगाड्यांना भीती नसते, ते बरे. आणि खुजे. मोठे कान, हातात दांडकं, चेहऱ्यावर मूर्ख आनंद. त्यांना कोणी निवडत नाही. पण दर आठवड्याला सगळ्यात जास्त तेच निपजतात. मी खुजेच घेते.

खुज्यांची एक चाल आहे. शत्रूवर वार केला की तो उलटून मारतो, पण एका फेरीत एकदाच. म्हणून मी जमावातला एकच खुजा वेगळा काढून पुढे पाठवते. तो अजगराला दांडक्यानं ढोसतो, अजगर त्याच्यावर आग ओकतो, खुजा संपतो. अजगराचा राग खर्च झाला. आता मागून आपले घोडेस्वार जातात आणि त्यांना ओरखडाही येत नाही.

ही चाल पहिल्यांदा दाखवली तेव्हा सौमित्रनं विचारलं होतं, “त्याला माहीत असते का?”

मी म्हटलं, कोणाला?

“खुज्याला.”

अरे, खेळातला आहे तो, असं म्हणून मी पुढची खेळी केली.

आमच्या जबलपूरच्या मराठी मंडळात गणपतीच्या दिवसांत मुलांची गोष्टीची स्पर्धा असते. चार मुलांचा गट, एकच गोष्ट, प्रत्येकानं थोडी थोडी सांगायची. अट एकच, शुद्ध मराठी. परीक्षक बापू. मदन महल भागात राहतात, आयुष्यभर शाळेत शिकवलं, आणि इथे मराठी टिकली पाहिजे यासाठी जिवाचं रान करतात. त्यांच्यापुढे टेबलावर पूजेची घंटी असते. मुलाच्या तोंडून हिंदी शब्द निघाला की ती वाजते, सभागृह हसतं आणि मुलानं ते वाक्य पुन्हा म्हणायचं. वाईट हेतू कोणाचाच नसतो. इथली सगळी पोरं घरात मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात, त्यामुळे ज्याच्या-त्याच्या पोरावर हसण्याची पाळी येतेच.

मागच्या वर्षी सौमित्र त्याच्या गटात सांगायला पहिला होता. घंटी इतकी वाजली की तो स्टेजवरच रडायला लागला. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, “आईच्या हातात मोबाईल असला तर पोरगं मराठी शिकंल कुठून?” मी अमरावतीची, माझ्या घरात मराठीशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि माझंच पोरगं असं. ते वाक्य मी वर्षभर घेऊन फिरले.

पण त्या दिवशी मी आणखी एक गोष्ट पाहिली होती. मला पाहत बसायची सवयच आहे. प्रत्येक गटात बापू घंटी वाजवतात ती पहिल्या मुलावर. त्याला दुरुस्त करतात, मराठीवर चार शब्द सुनावतात, आणि तेवढ्यानं त्यांचं समाधान होतं. मग त्यांना त्या लेकराची दयाही येते. दुसऱ्यापासून हात सैल होतो. चौथ्या मुलानं अर्धं हिंदीत सांगितलं तरी ते डोळे मिटून मान डोलावतात.

यंदा एका गटाची जबाबदारी माझ्याकडे आली. सौमित्र, मंडळातल्याच दोघी जुळ्या बहिणी आणि प्रणोती.

प्रणोती आठ वर्षांची. तिचे बाबा श्रीकांत रेल्वेत आहेत. आई पूर्णिमा पनागरची, हिंदी घरातली. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिच्या सासूबाई, म्हणजे सत्यवतीकाकू, सुनेशी कामापुरतंच बोलतात, आणि नातीशी बोलायला गेल्या की नात हिंदीत उत्तर देते म्हणून गप्प होतात. पूर्णिमानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “दीदी, मुझे बक्षीस-वक्षीस नाही पाहिजे. बस, आजीनं एक बार तिच्या तोंडून मराठी ऐकली पाहिजे. चार लोकांसमोर.”

तालमी आमच्या घरी झाल्या. कुंभाराच्या हरवलेल्या गाढवाची गोष्ट मीच रचली. प्रणोती सगळ्यात कच्ची होती आणि सगळ्यात हौशी. घरात येताच चप्पल काढता काढता तिची गोष्ट सुरू व्हायची. मराठी शब्द सापडला नाही की ती हातानं गाढवाचे कान करायची आणि पुढे जायची. शेवटच्या तालमीच्या आधी मी बडा फुहाऱ्याच्या बाजारात जाऊन चौघांसाठी एकसारखे पिवळे शेले आणले. परतताना रिक्षात क्रम लावला. पहिली प्रणोती, मग जुळ्या, शेवटी सौमित्र.

मनात ‘खुजा’ हा शब्द आला होता की नाही, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं. शब्द आला नसेल. हिशेब तोच होता.

तालमीला सगळे जमल्यावर क्रम सांगितला तेव्हा प्रणोती उडी मारून म्हणाली, “मी पहिली?” आणि पूर्णिमाचा चेहरा असा उजळला की मी शेल्यांच्या घड्या मोडायला लागले.

स्पर्धेच्या दिवशी सत्यवतीकाकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या, नवी साडी नेसून. पूर्णिमा त्यांच्या शेजारी. प्रणोतीनं नमस्कार केला आणि मोठ्या आवाजात सुरुवात केली. एका गावात एक कुंभार राहत होता, इथपर्यंत छान गेलं. मग सुबह आली, घंटी वाजली. तिनं सकाळ म्हटलं. मग मिट्टी आली. मग आणखी काही. प्रत्येक घंटीला लोक हसले, बापूही हसत होते, आणि पहिल्या दोन वेळा प्रणोतीसुद्धा हसली. मग बापूंनी घंटी हातातच धरून ठेवली आणि सभागृहाकडे वळून म्हणाले की आई घरात जी भाषा बोलते तीच शेवटी मुलाच्या तोंडी येते, म्हणून आयांनी लक्ष द्यावं.

पूर्णिमानं पदर सारखा केला. सत्यवतीकाकूंनी नातीवरची नजर काढून मांडीवरच्या पर्समध्ये घातली. प्रणोतीनं ते पाहिलं. तिनं गाढवाच्या कानांसाठी हात वर नेले होते, ते तसेच खाली आणले आणि ती थांबली. मी विंगेतून पुढचं वाक्य सांगितलं, पुन्हा सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. शेवटी जुळ्यांपैकी एकीनं गोष्ट पुढे नेली.

पुढचं सगळं माझ्या हिशेबाबरहुकूम झालं. बापूंना वाईट वाटलं होतं, त्यांनी घंटी बाजूला ठेवली. सौमित्र ‘अचानक से’ म्हणाला, ‘बाजार में’ म्हणाला, बापू मान डोलावत राहिले. गटाचा दुसरा नंबर आला आणि उत्कृष्ट कथनाचं बक्षीस सौमित्रला मिळालं. सासूबाईंनी चारचौघींना बोलावून सांगितलं की हा आमचा नातू. माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला बरं वाटलं. तेव्हा खरोखर बरं वाटलं, हे लपवून उपयोग नाही.

प्रसादाच्या रांगेत सौमित्रनं माझा हात ओढला. मी खाली वाकले. त्यानं कानाशी तोंड आणून, अगदी कौतुकानं विचारलं, “आई, प्रणोती आपला खुजा होती ना?”

मी त्याला गप्प बस म्हटलं.

“मी कोणाला नाही सांगत,” तो म्हणाला. “पण मस्त चाल होती.”

तो मला नावं ठेवत नव्हता. त्यानं चाल ओळखली होती आणि त्याला आईचा अभिमान वाटत होता. माझ्या हातातला द्रोण कलंडला आणि पंचामृत साडीवर सांडलं. ते पुसत असतानाच समोर पूर्णिमा येऊन उभी राहिली. तिचे डोळे लाल होते. म्हणाली, “सॉरी दीदी. आमच्यामुळे तुमचा पहिला नंबर गेला. तुम्ही इतक्या भरोशानं तिला पुढे केलं.”

मी म्हटलं, असू दे गं, लहान आहे. तेवढंच म्हटलं.

विसर्जन झालं. मंडळाच्या रविवारच्या वर्गाला प्रणोती आली नाही, पुढच्या रविवारीही नाही. फोन केला तर पूर्णिमा म्हणाली, नाही येत म्हणते. घरात मराठीचा एक शब्द बोलून नाही राहिली. आजीनं हाक मारली तर मान हलवते, बस. आधी तोडकं-मोडकं तरी बोलायची. आता आजीही म्हणतात, राहू दे, नसते जमत कोणाकोणाला.

आल्हादला, माझ्या नवऱ्याला, मी सगळं सांगितलं. तो फॅक्टरीतून थकून आला होता. म्हणाला, कोणाला तरी पहिलं ठेवावंच लागतं, चार दिवसांत पोरं विसरतात. मागच्या वर्षीचं सौमित्र विसरला का, असं मी विचारलं. तो उठून हातपाय धुवायला गेला.

टॅब मी कपाटात वर ठेवला होता. सौमित्र दोनदा मागून गेला. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं, “काहून नाही खेळून राहिली तू?” तेव्हा मी चप्पल घातली आणि रेल्वे क्वार्टर्सला गेले, एकटी.

पूर्णिमानं चहा ठेवला. प्रणोती खिडकीत चित्र रंगवत होती. आतल्या खोलीत सत्यवतीकाकू पडल्या होत्या, दार अर्धं उघडं होतं. मी पूर्णिमाला स्वयंपाकघरातच गाठलं आणि हळू आवाजात सांगून टाकलं. बापूंची सवय मला माहीत होती. पहिल्यावर सगळं निघणार हे ठाऊक असून मी प्रणोतीला पुढे केलं, सौमित्रला वाचवायला. खेळाचं काही सांगितलं नाही, तेवढी लाज उरली होती.

तिनं गॅस बारीक केला.

“मतलब तिला येत नाही, हे तुम्हाला आधीच वाटत होतं,” ती म्हणाली. “आणि मी घरात सगळ्यांना सांगितलं की दीदीनं तिला सबसे पहले ठेवलं, म्हणजे ती पक्की असेल.”

मी माफी मागितली. तिनं मान वर केली नाही. “मला काहून सांगता? तिला सांगा.”

एवढीशी मुलगी. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि सुचेल तसं बोलले, की चूक तिची नव्हती. बापू पहिल्या मुलावर घंटी वाजवतातच, कोणीही असो. सौमित्रही खूप चुकला, पण तो शेवटी होता म्हणून घंटी वाजली नाही. प्रणोती रंगवत होती. मला वाटलं ऐकत नाही. मग खडू थांबला.

“तुम्हाला मालूम होतं?”

मी हो म्हटलं.

“मग सौमित्रला पहिला काहून नाही ठेवलं?”

“मागच्या वर्षी तो पहिला होता. रडला होता.”

“अच्छा.” तिनं थोडा विचार केला. “म्हणून मला ठेवलं.”

“हो,” मी म्हटलं. “तो माझा आहे म्हणून.”

यापेक्षा बरं काही सांगता आलं असतं, पण ते खोटं झालं असतं, आणि ती सरळ माझ्या तोंडाकडे बघत होती. तिनं खडू डब्यात ठेवला, डबा बंद केला, उठली आणि आतल्या खोलीत गेली. मला वाटलं रडायला गेली. पूर्णिमा चहाचे कप घेऊन आली आणि दाराशीच उभी राहिली.

आतून प्रणोतीचा आवाज येत होता. “आजी, उठ ना. ते अवंती आंटी आहेत ना, त्यांनी गलत केलं. त्यांना मालूम होतं घंटी पहिल्याला वाजते. तरी मला ठेवलं. सौमित्रला नाही ठेवलं, तो त्यांचा आहे म्हणून.” निम्मं हिंदी, निम्मं मराठी, पण थांबत नव्हती. पलंग करकरला. सत्यवतीकाकू उठून बसल्या असाव्यात. “अस्सं?” त्या म्हणाल्या. “मग? नीट सांग मला सगळं.”

आणि ती सांगायला लागली, पहिल्यापासून, तालमीपासून, माझ्या घरापासून. पूर्णिमानं कप माझ्यापुढे ठेवले नाहीत, हातातच धरून ऐकत राहिली. मी उठून जाऊ शकले असते. दर वाक्यात माझं नाव येत होतं. मी जमिनीवर तशीच बसून राहिले, तिचं आजीला सगळं सांगून होईपर्यंत.