उशीतला कापूस

सळईच्या टोकाला चिंधी घट्ट गुंडाळून आल्डनने ती रायफलीच्या मागच्या तोंडातून आत सारली. सळई दोन बोटं आत गेली आणि चिंधी एकाएकी सैल पडली, मग पुन्हा घट्ट झाली. त्याने सळई मागे ओढून परत सारली. तीच जागा. एकोणीस वर्षांपूर्वी नळी फुगून तिला आतून पडलेलं ते कडं जसंच्या तसं होतं. पडलेलं कडं जाणार तरी कुठे म्हणा!

"आहे ना अजून?" दारात उभ्या कार्लीनने विचारलं.

"आहे."

कार्लीन त्याच्या थोरल्या भावाची, नॉरिसची मुलगी. शुक्रवारी नॉरिसला माती दिली. आल्डन चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला आणि कॉफीला न थांबता सटकला. आज सकाळी ही पोर उरलेली हॅमची सँडविचं, ही रायफल आणि नॉरिसची पत्र्याची पेटी घेऊन त्याच्या गॅरेजात हजर झाली होती. लहानपणी ती त्याला अरे-तुरे करायची. आता अहो-जाहो करत होती. ते त्याला उगाचच लागत होतं.

"क्लबवाल्यांना ही भिंतीवर टांगायचीय," ती म्हणाली. "खाली पाटी लावून. नॉरिसने बिघडवलेली रायफल म्हणून. मी म्हटलं, काकांना विचारते. पाटीवर काय लिहायचं ते तुम्हीच ठरवा. गोष्ट तुमचीच ना."

गोष्ट त्याचीच होती. मोंटानातल्या त्या टीचभर गावात कुणाचं काडतूस फुसकं निघालं की लोक म्हणत, 'काय रे, नॉरिस भरलास की काय?' हा विनोद आल्डनने काढला होता, नेमबाजी क्लबातल्या कॉफीच्या टेबलावर, भावाच्या तोंडावर. पहिल्यांदा नॉरिसही हसला. दुसऱ्यांदा तो टोपी घालून उठला. तिसऱ्यांदा आलाच नाही.

"परवा चर्चच्या तळघरात, कॉफीच्या वेळीसुद्धा क्लबातले दोघं तेच बोलून हसले," कार्लीन म्हणाली. "वाईट मनाने नव्हे, मला कळतं. पण काका, माझ्या बाबांचं मागे एवढंच उरलं का हो?"

आल्डनने सळई पुसली. ती आधीच स्वच्छ होती.

रायफल त्यांच्या बापाची, आयव्हरची. जुन्या काळ्या दारूच्या जमान्यातली; तिचं काडतूस अंगठ्याएवढं जाड आणि धक्का खेचराच्या लाथेसारखा. ऐंशीव्या वाढदिवसाला म्हाताऱ्याने हट्ट धरला, की मी माझी रायफल चालवणार. त्याचा खांदा तर पार कामातून गेलेला. मग दोघा भावांनी आपापल्या घरी त्याच्यासाठी हलकी काडतुसं भरली. काडतुसाच्या एवढ्या मोठ्या पितळी पुंगळीत थोडीशीच दारू म्हणजे रिकाम्या पोत्यात मूठभर गहू, इकडून तिकडे लोळत राहणार. ती जागेवर राहावी म्हणून वर कापूस घालायचा. नॉरिसने आईच्या जुन्या उशीतला सावरीचा कापूस काढला. आल्डनने बायकोच्या, ट्रूडीच्या, गोधडीतला उचलला.

"दाबू नकोस हं तो," नॉरिसने फोनवर बजावलं होतं. "गोळीपर्यंत सैल भर. दाबलास आणि वर पोकळी राहिली, तर बोळा हातोड्यासारखा गोळीवर आदळतो. नळी फुगते."

"आता तू शिकव मला!" म्हणून आल्डनने फोन आपटला होता. आणि पेन्सिलीने कापूस छान ठासून बसवला होता.

वाढदिवसाला म्हाताऱ्याने दोघांची काडतुसं एकाच खिशात कोंबली. तिसऱ्या बाराला पुंगळी बाहेर येईना. नॉरिसने पुढून सळई घालून ती ठोकून काढली, तळहातावर घेऊन क्षणभर पाहिली आणि खिशात टाकली.

"कुणाचं होतं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"माझं," नॉरिस म्हणाला.

"गाढवा, तूसुद्धा?" म्हातारा कडाडला, आणि रायफल त्याच्या अंगावर ढकलली. "तूच बिघडवलीस, आता तूच सांभाळ."

त्या 'तूसुद्धा'चा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. विसाव्या वर्षी आल्डनने एकाच काडतुसात दोनदा दारू भरून बापाचं पिस्तूल फोडलं होतं. त्यानंतर कित्येक वर्षं म्हाताऱ्याने त्याला काडतुसांना हात लावू दिला नव्हता. ऐंशीव्या वाढदिवसाच्या त्या वसंतातच कुठे बंदी उठली होती. खरं सांगायचं तर, त्या दिवशी आल्डनला बरं वाटलं होतं. जन्मात पहिल्यांदा शिव्या दुसऱ्याला बसत होत्या. ते बरं वाटणं त्याने पुढे क्लबात पुरवून पुरवून खाल्लं.

"पेटीत बघण्यासारखं आहे का काही?" कार्लीनने झाकण उघडलं. आत कापसाची पिशवी होती, तराजू होता, गोळ्यांचे डबे होते. तळाशी एक पाकीट. "हे मात्र वेगळं जपून ठेवलं होतं. एकच पुंगळी. का, कोण जाणे."

आल्डनने ती घेतली. पितळ काळवंडलं होतं. बोट फिरवताच अंगावरचं कडं लागलं, नळीतल्यासारखंच. ही तीच. त्याने ती उलटी केली.

तळाला, जिच्यावर घोडा आपटून बार उडतो त्या टोपीवर मधोमध ठोक्याचा खळगा होता, आणि खळग्याभोवती लाल रंग.

गावात एकटा आल्डन टोपीभोवती लाल रंग लावायचा, ओल शिरू नये म्हणून. ट्रूडीचं नेलपॉलिश. ती बाटली अजून समोरच्या फळीवर होती, आतून सुकलेली. ट्रूडीला जाऊन चार वर्षं झाली होती.

तो स्टुलावर बसला.

"काय झालं काका?"

"काही नाही. पुंगळी आहे जुनी."

तिला बंदुकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पुंगळी खिशात घातली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. नॉरिसनेही तेच केलं होतं, फक्त उलट्या बाजूने. एकोणीस वर्षं जवळ ठेवली आणि तोंडातून शब्द काढला नाही. एकदा तरी तोंडावर फेकून मारायची होतीस रे, आल्डनच्या मनात आलं. मी माणसात आलो असतो. आता कुणाचे जाऊन पाय धरू?

"पाटीचं काय करायचं मग?" कार्लीनने हळूच विचारलं. "नको असेल तर नाही म्हणून सांगते त्यांना."

"टांगू दे," तो म्हणाला. "पुठ्ठा आण तो."

जाड पेनाने त्याने सावकाश लिहिलं. अक्षरं मोठी आणि स्वच्छ आली. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि पुठ्ठा तिच्याकडे दिला.

कार्लीनने वाचलं. पुन्हा वाचलं.

"काका, चुकलात. बाबांच्या जागी तुमचं नाव लिहिलंय."

आल्डनने पुंगळी तिच्या तळहातावर ठेवली, लाल बाजू वर करून.

"नाही चुकलो," तो म्हणाला. "माझं आहे ते."