पायाळू

दाराची कडी एकदाच वाजली आणि पद्मावतीच्या हातातला माडाच्या झावळीचा हीर थांबला. गोकुळदासच्या डाव्या तळपायावरून ती तो टाचेपासून बोटांपर्यंत ओढत होती. रोज असं करायचं आणि कळतं का विचारायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नवरा डोळे मिटून पडला होता. तिने विचारायच्या आधीच तो म्हणाला,

"ना. दार बघ."

दारात शेजारचा बाबली. एक हात कमरेवर, दुसरा चौकटीवर, तोंड कडू औषध प्याल्यासारखं. नारळांचं पोतं उचलायला गेला आणि मागच्या वर्षीसारखी पुन्हा उसण भरली.

"वयनी, तनयाक हाक मार गो. जरा पाय लावंदे."

पद्मावतीने आतल्या खोलीकडे पाहिलं. बाबलीनेही पाहिलं आणि नजर खाली घेतली. पण उसण भरलेल्या माणसाला संकोच किती वेळ परवडणार? तो सोप्यावर पालथा पडला आणि वाट बघू लागला.

पद्मावतीची लेक तनया पायाळू. जन्मताना आधी पाय आले, आणि तेव्हापासून ते पाय तिचे एकटीचे राहिलेच नाहीत. अर्ध्या मये गावातली माणसं पाठ धरली की हिच्या दारात यायची. चालायला येण्याआधी तिला उचलून धरून लोकांच्या पाठीवर टेकवत. आठ वर्षांची झाली तशी ती स्वतःच, मोठ्या माणसासारखं तोंड करून, उजवा पाय लावायची आणि वर दटावायची, "आता दोन दिस वझं उचलायचं नाय." लोक हसत, खाऊ देत आणि दुसऱ्या दिवशी खरंच कामाला लागत.

मागच्या हिवाळ्यात राजभाषा कुठली या भांडणात आंदोलकांनी रस्ते अडवले. सुर्ल्याच्या खाणीवरचे ट्रक जागच्या जागी राहिले आणि घरी बसलेल्या गोकुळदासची पाठ धरली. "ट्रक उबो आनी डायवर आडवो," असं बाबलीनेच चिडवलं होतं. कमरेखाली निखारा ठेवल्यासारखी आग होते, असं गोकुळदास सांगत होता. पण सगळ्यांच्या लेखी ती उसणच. त्याने लेकीला हाक मारली. तिने पाय लावला, इतरांना लावायची त्यापेक्षा जास्त वेळ, बाबा म्हणून. दोन-तीन दिवसांत कमरेखालून मांडीच्या मागपर्यंत फोडांचा पट्टा उठला. मग लघवी अडली, डावा पाय लुळा पडला, आणि त्याला खुर्चीत बसवून गाडीपर्यंत उचलून न्यावं लागलं. तनया वाटेतच उभी होती. कुणीतरी तिला बाजूला केलं.

इस्पितळातून तो घरी आला, पण तनया त्याच्या खोलीत पाऊल ठेवीना. विहिरीकडून वळसा घालून घरात यायची. लघवीच्या नळीला, वासाला भीत असेल, असं पद्मावती धरून चालली होती.

आता ती मागच्या पायरीवर सापडली. उजवा पाय मांडीखाली दाबून बसलेली.

"बाबलीमामा आलाय गो."

"मी येणार नाय."

पद्मावती तिच्या शेजारी बसली. रागावली नाही. पदराने तिच्या कपाळावरचा घाम पुसला. पोर पायरीकडे बघत बोलली.

"बाबाचा पाय माझ्यामुळे गेला. मी जास्त लावला."

पद्मावतीचा हात पदरातच राहिला. एवढे महिने हे एवढ्याशा पोटात होतं.

मग तिने डॉक्टरांनी समजावलं होतं तसं सगळं सांगितलं. डॉक्टर विषाणू म्हणाले होते, ती बी म्हणाली. बाबा लहान असताना त्याला कांजिण्या आल्या होत्या, तुला आल्या तशाच. अंगावरच्या गेल्या, त्यांचं बी मात्र पाठीच्या कण्याशी, पायाकडे उतरणाऱ्या शिरांच्या मुळाशी, निजून राहिलं. इतकी वर्षं कुणाला कळलं नाही. मग कधीतरी ते जागं झालं. लोक त्याला नागीण म्हणतात. बाबाची कातडीवर थांबली नाही, शिरांची मुळंच सुजली. आग व्हायला लागली तेव्हाच ते जागं झालेलं होतं, फोड मागून आले. आता पायात जोर येईल, हळूहळू. किती येईल, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं. तेवढं तिने गाळलं.

"तू पाय लावला नसतास, तरी तेच झालं असतं. पाय लावून काय होत नाय गो बाये. कसलंच काय होत नाय."

तनयाने मांडीखालचा पाय हळूच बाहेर काढला. मुंग्या आल्या होत्या. तिने तो दोनदा आपटला, बोटं हलवून बघितली आणि मोठा श्वास सोडला. पद्मावतीलाही बऱ्याच दिवसांनी मोकळं वाटलं.

"आज येतलें काय फाल्यां?" आज येणार की उद्या, असं सोप्यावरून बाबली कण्हत विचारत होता.

सवयीने तनया उठली. दारापर्यंत गेली आणि थांबली. आपल्याच पायाकडे बघत राहिली, कुणी दुसऱ्याचा ठेवून गेल्यासारखं.

"मग आई, मागच्या वर्षी बाबलीमामाची पाठ कोणी बरी केली?"