जर्सी काढायची नाही

घरच्या मैदानावर चार गोल खाल्ले, तेही पलीकडच्या बंदरातल्या त्या भिकार संघाकडून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण माझ्या पोरांना झापायला मी खमक्या होतो. कुंपणापलीकडच्या कोणाची मदत मला नको होती.

शेवटची शिट्टी वाजली आणि उत्तरेच्या स्टँडमधून ओरडा सुरू झाला. "इकडे या! जर्सी काढा!" आमच्याकडची ही घाणेरडी रीत. हरलात की कट्टर समर्थकांसमोर मान खाली घालून उभं राहायचं, आईबहिणीवरून ऐकायचं आणि अंगातली जर्सी काढून त्यांच्या हवाली करायची. म्हणजे काय, तर तुमची ती घालायची लायकी नाही. अरे हट्! या गावासाठी मी बचावफळीत नाक मोडून घेतलं, दुसऱ्यांची त्याहून जास्त मोडली, लाल कार्डांचा तर हिशेबच नाही. पण जर्सी कोणाच्या बापाला उतरवू दिली नाही. आता प्रशिक्षक झालो म्हणून शेपूट घालू?

"कोणी काढायची नाही," मी पोरांना बजावलं. "त्यांच्याशी मी बोलतो. ज्याने काढली, तो माझा खेळाडू नाही."

कप्तान लोरिस जवळ आला. दोन गोल त्याच्याच चुकीने झाले होते. "मिस्टर," तो म्हणाला; आमच्याकडे प्रशिक्षकाला असंच म्हणतात. "देऊन टाकू या. आम्हाला इथेच राहायचंय. माझ्या बायकोच्या अंगावर दुकानात थुंकतात लोक."

"म्हणूनच द्यायची नाही, गाढवा! आज जर्सी दिलीस, उद्या काय चड्डी देशील?"

तो पोरांमध्ये परत गेला. पण जर्सी अंगातच ठेवली.

समर्थकांचा म्होरक्या ग्वेर्रिनो हातात कर्णा घेऊन कुंपणावर चढून बसला होता. आठवडाभर मासळी विकतो आणि रविवारी आमचा न्यायाधीश होतो.

"इव्हानो, तू बाजूला हो," तो म्हणाला. "तू आपला माणूस. या भाडोत्री बायल्यांशी आमचं भांडण आहे."

"भाडोत्री तुझा बाप! जर्सी हवी ना? ये खाली, आधी माझ्याशी गाठ आहे!"

आता बाटली येणार असं मला वाटलं. आली असती तर फार बरं झालं असतं. पण ग्वेर्रिनोने दात काढले आणि कर्णा तोंडाला लावला. "बघा रे! याला म्हणतात मर्द!"

झालं. अख्खं स्टँड माझ्यावर रचलेलं जुनं गाणं म्हणू लागलं. त्यात मी पाहुण्या संघाच्या तंगड्या तोडतो आणि गाव नाचतं.

"बंद करा! हरामखोरांनो, बंद करा!" मी दोन्ही हात वर करून बोंबललो. त्यांना वाटलं, मी ताल धरतोय. आवाज आणखी चढला.

मागे वळलो तर पोरं स्टँडकडे बघतच नव्हती, सगळी माझ्याकडे बघत होती. लोरिसने जर्सी डोक्यावरून ओढून काढली.

"घाल ती! लोरिस, घाल म्हणतो ना!"

"गाणं तुमचं चाललंय, मिस्टर," तो शांतपणे म्हणाला. "मग ही तुम्हीच घ्या."

ती माझ्या बुटांवर टाकून तो उघडाच आत निघून गेला. मग गोलरक्षक आला, त्यानेही काढली. त्याच्यामागे बाकीचे रांगेत उभे होते.