नळीतलं शिसं

जुलै महिन्यात टोमॅटो विकत आणणारा आणि पिस्तुलाच्या गोळ्या विकत आणणारा, हॉलिस ग्रॅबिलच्या लेखी दोघंही सारखेच नालायक. अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरात टोमॅटो परसात पिकवायचे असतात आणि गोळ्या स्वतः शिसं वितळवून साच्यात ओतायच्या असतात. त्याच्या दुर्दैवाने हे दोन्ही अवगुण एकाच माणसात एकवटले होते आणि तो माणूस त्याचा जावई होता.

टोबिन मूळचा सेंट लुईस शहरातला. लग्नानंतर बायकोच्या, जुनेलच्या, गावी आला, औषधांच्या दुकानात नोकरीला लागला. सासऱ्याची मर्जी राखावी म्हणून नेमबाजी शिकला, पिस्तूल घेतलं, शनिवारी क्लबात जाऊ लागला. मर्जी काही मिळाली नाही, उलट हॉलिसला चिडवायला आयतं कुरण मिळालं. आपल्या पोरीने गावातले सगळे सोडून हा कुठून उचलून आणला, याचा राग त्याच्या पोटातून कधी गेलाच नाही.

त्या शनिवारी हॉलिसने क्लबातल्या बाकावर आपल्या ओतीव काडतुसांचा डबा आपटला.

"आज ह्या मार. माझ्या हातच्या आहेत. दुकानातल्या मवाळ गोळ्या बंद कर जरा."

"हॉलिस, माझ्या पिस्तुलाला तांब्याचं कवच नसलेलं उघडं शिसं चालत नाही," टोबिन म्हणाला. "नळीत धारदार आटे नाहीत, नुसते गोलसर चढउतार आहेत. शिसं चिकटतं. कंपनीच्या कागदावर स्पष्ट लिहिलंय."

"कागद वकिलांनी लिहिलाय. तुला गोळी मारायचीय की कोर्टात जायचंय?"

बाकावरचे म्हातारे हसले. क्लबाची देखरेख करणारा लायल तर मिरचीच्या रश्श्याचा वाडगा सांडेपर्यंत हसला. टोबिनने डबा उघडला. त्यातलं शिसं नखाने ओरखडा उठेल इतकं मऊ होतं. टायरवाल्याकडची चाकाला लावायची वजनं पूर्वी शिशाची असत, हल्ली जस्ताची येतात, म्हणून हॉलिसने पडक्या घरातले पाण्याचे पाइप वितळवले होते आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता.

सुरुवातीला नेम छान लागला. मग गोळ्या पांगू लागल्या. जेवणाच्या सुमारास तर निशाणाच्या कागदावर गोल भोकांऐवजी लांबट चिरा दिसायला लागल्या. गोळ्या आडव्या होऊन जात होत्या. टोबिनने पिस्तूल रिकामं केलं, वरचा भाग काढून नळी उजेडात धरली. आत राखाडी साल धरली होती. वाट चोंदली होती.

"शिसं धरलंय थोडं," हॉलिस त्याच्या खांद्यावरून डोकावत म्हणाला. "त्यात काय एवढं! घास घास घासत बसू नकोस. तुझ्या त्या तांब्याच्या कवचाच्या दोन गोळ्या मारल्या की सगळं शिसं पुढे ढकलून नेतात. माझा बाप कायम असंच करायचा. आण इकडे, मीच मारून दाखवतो."

हॉलिसच्या बापाकडे जुनं रिव्हॉल्व्हर होतं, खोल आट्यांचं. त्यालाही ते कसं चालून गेलं, देव जाणे. टोबिनला नेमकं ठाऊक होतं की चोंदलेल्या नळीत कठीण गोळी घातली तर मागचा दाब कुठून तरी वाट काढणारच, आणि ती वाट हाताच्या बाजूची असते. हे कंपनीच्या कागदावर नव्हतं, त्याने मुद्दाम दुसरीकडून वाचून घेतलं होतं. शब्द त्याच्या ओठांवर आले होते.

तेवढ्यात लायल म्हणाला, "अरे, जावयाची बंदूक आहे. त्यालाच मारू दे की."

"त्याला?" हॉलिसने डोळा मारला. "चार वर्षं झाली लग्नाला. घरी फुसका बार, इथे फुसका बार!"

पुन्हा हशा पिकला. फेब्रुवारीत जुनेलचा पाचव्या महिन्यातला गर्भ गेला तेव्हा बर्फातून ट्रक हाकत दवाखान्यात नेणारा हॉलिसच होता. त्याला सगळं माहीत होतं. माहीत असूनही बोलला, हशा मिळवायला. असल्या माणसाच्या तोंडात किडे पडावेत असं कुणालाही वाटेल.

टोबिनने ओठांवरचे शब्द गिळले. पिस्तूल जोडलं. खिशातल्या डब्यातली तांब्याची काडतुसं स्वतः भरली आणि पिस्तूल सासऱ्याच्या हातात दिलं.

हॉलिसने पवित्रा घेतला. चाप ओढण्याआधी त्याने एकदा वळून जावयाकडे पाहिलं, चांगलं निरखून. टोबिन शांत उभा होता. मग हॉलिस समोर वळला.

आवाज वेगळाच झाला, बसका आणि रुंद. पिस्तुलाची मूठ उभी फुटली. हॉलिस आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. तिथे अंगठा होता, पण तो जिथे असायला हवा तिथे नव्हता आणि पहिली दोन बोटं लोंबत होती. लायल ओरडत, हात आवळून बांधायला कमरेचा पट्टा काढून धावला. टोबिनच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते समाधान होतं, आणि ते चांगलं पोटभर होतं. नंतर तो गाडी आणायला धावला.

दवाखान्यात बोटं काढून टाकली. अंगठा वाचला नाही. जुनेल बापाच्या खाटेशी रडत बसली होती. रडता रडता तिने नवऱ्याकडे मान वळवली.

"तुला यातलं कळतं ना? तू त्याला सांगितलं नाहीस?"

टोबिनने तोंड उघडलं. त्याच्या आधी उशीवरून आवाज आला.

"सांगितलं गं त्याने. दोनदा सांगितलं. मीच ऐकलं नाही."

"डॅडी, किती हट्टी आहेस रे तू!" जुनेलने नवऱ्याचा हात दाबला, डोळे पुसले आणि कॉफी आणायला गेली.

दार लागलं. हॉलिस छताकडे बघत होता.

"मी तुझ्याकडे बघितलं होतं," तो म्हणाला. "भित्री भागूबाई तू. फटाका वाजला तरी दचकतोस. मला वाटलं, धोका असता तर हा बोंबलला असता. तू गप्प होतास म्हणून मी चाप ओढला."

"हॉलिस, मी..."

"गप. आता कशाला बोलतोस?"

"मग जुनेलला खोटं का सांगितलंत?"

"खरं सांगितलं तर ती तुला हाकलेल." हॉलिसने बँडेजच्या पट्ट्यांचा गोळा झालेला हात उचलून त्याच्यापुढे धरला. तोंडावर तेच हसू होतं, बाकावरचं. "आणि मी हा हात घेऊन तुमच्याकडे राहायला येणार आहे. माझ्या बुटांच्या नाड्या बांधायला, पँटची बटणं लावायला, मेलो की मातीत घालायला मला तू पाहिजेस. ती नाही. तू."