एक डोळा लाल, एक पांढरा

मित्रांनो, मी एक जुना, स्वस्तातला डिजिटल कॅमेरा आहे, आणि कुणी माझी स्तुती केली की मला आधी संशय येतो. मी ज्या खोक्यातून दुकानात आलो, त्यावर माझे गुण मोठ्या अक्षरांत छापले होते. उणिवांबद्दल एक शब्द नव्हता. तेव्हापासून मी कुठलंही गोड वाक्य दोनदा तपासतो.

तुम्हांला मात्र दोन्ही बाजू सांगतो. माझ्यातला झूम खरा आहे. बटण दाबलं की माझी भिंगं पुढे सरकतात आणि दूरची होडी खरोखर मोठी दिसते. साधे फोन नुसतं चित्र ताणतात. मी शर्टाच्या खिशात मावतो. आता उणिवा. उन्हात माझ्या पडद्यावर काही दिसत नाही. बटण दाबल्यावर मी क्षणभर रेंगाळतो, तोवर मूल हललेलं असतं. आणि माझी सर्वांत वाईट खोड म्हणजे माझा फ्लॅश भिंगाला अगदी खेटून बसवला आहे. अंधुक खोलीत माणसाच्या डोळ्यातली बाहुली मोठी होते. माझा उजेड तिच्यातून सरळ आत शिरतो, मागच्या रक्ताने भरलेल्या पडद्यावर आपटतो आणि त्याच वाटेने माझ्याकडे परत येतो. म्हणून मी काढलेल्या फोटोत माणसांचे डोळे लाल येतात.

दिघीच्या रामा गुरुजींनी मला शाळेसाठी विकत घेतलं. झेंडावंदन, वनभोजन, वक्तृत्वस्पर्धा, सगळं मी टिपलं. मुलं फोटो बघून म्हणायची, "गुरुजी, आमची भुतं केलीत तुम्ही." गुरुजी हसायचे, पण मला जपायचे. खाडीवरचा खारा वारा माझ्यासारख्यांचा शत्रू. ते मला कोरड्या तांदळाच्या डब्यात ठेवत, म्हणजे तांदूळ दमटपणा ओढून घेई.

गुरुजी गेले. घरात फोन आले. डब्यातल्या तांदळाचा भात झाला आणि मी खणात गेलो, तुटक्या चार्जरच्या आणि बंद पडलेल्या बॅटरींच्या सोबतीला. तिथे मला अनेक वर्षं कुणी नावं ठेवली नाहीत, कारण कुणाला माझी आठवणच नव्हती.

मग एके दिवशी गुरुजींच्या मुलीने, कॉलेजात जाणाऱ्या मानसीने, मला बाहेर काढलं.

"आई, हा बाबांचा कॅमेरा चालतो का गं?"

"चालत व्हता," चंदाबाई म्हणाल्या. "तुझे बाबा व्हते तवा सगळंच चालत व्हतं."

"आमच्या कॉलेजात आता असल्याच कॅमेऱ्यांची फॅशन हाय. फोटो जरा खराब येतात ना, तेच भारी वाटतं."

"खराबच पायजेत तर फोनच्या काचेला तेलाचं बोट लाव," तिचा भाऊ प्रीतम म्हणाला. दिघीहून आगरदांड्याला माणसं आणि गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीवर तो कामाला आहे. दिवसभर गाड्या मागे-पुढे करवून घ्यायची सवय. घरातही तो तसाच बोलतो.

लक्षात घ्या, मित्रांनो, मला माझ्या उणिवांसाठी बाहेर काढलं होतं. माझ्यात लाल डोळे टाळायची एक सोय आहे. मानसीने तीही बंद करून टाकली. मला तिच्या प्रेमाचा संशय आला.

बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी घरात खीर झाली. मेणबत्त्या लागल्या, मोठा दिवा मालवला. प्रीतमची बायको विनिता मांडीवर मुलाला, सम्यकला, घेऊन बसली. तेव्हा तो तीन वर्षांचाही नव्हता, सगळ्या घराचा लाडका. मानसीने मला समोर धरलं. फ्लॅश उडाला. विनिताचे दोन्ही डोळे नेहमीसारखे लाल आले. सम्यकचा उजवा डोळा लाल आला आणि डावा पांढरा, मांजराच्या डोळ्यासारखा.

मानसीने तो फोटो बोर्लीच्या बाजारातल्या दिनानाथच्या स्टुडिओत नेला. दिनानाथ मनाने चांगला माणूस. लग्नातल्या नवरीची मुरमं तो न सांगता पुसतो.

"आपल्या दुकानातून लाल डोळ्यांचा फोटो बाहेर जात न्हाय," तो म्हणाला आणि त्याने संगणकावर सगळ्या बाहुल्या काळ्या करून टाकल्या. पांढरीसुद्धा. "भिंगाला बुरशी लागली असणार याच्या, म्हणून ते पांढरं. मेमरी कार्डावरचे मूळ फोटो पण असेच साफ करून देऊ का?"

"नको काका. मला खराबच आवडतात."

या उत्तरावर किती काय अवलंबून होतं, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही.

काळ्याभोर डोळ्यांचा सम्यक चौकटीत बसून भिंतीवर लागला. येणारे-जाणारे म्हणायचे, "काय फोटो आलाय." मी खणातून ते ऐकत होतो आणि माझ्याच भिंगावर संशय घेत होतो. खरंच बुरशी असेल का? खाऱ्या हवेत इतकी वर्षं काढल्यावर माझं मलाच खात्रीने सांगता येत नव्हतं.

काही दिवसांनी मानसी माझ्या पडद्यावर जुने-नवे फोटो चाळत होती. ओटीवर काढलेल्या एका फोटोवर ती थांबली. तिथेही सम्यकचा तोच डोळा पांढरा होता.

"दादा, बुरशी भिंगाला लागली, तर वहिनीचा डोळा पांढरा का येत न्हाय?"

"त्या भंगाराला इचार," प्रीतम जेवता जेवता म्हणाला. "माझ्या फोनवर बघ. पोराचे डोळे कसे साफ आलेत."

मित्रांनो, साफपणाचाही मला संशय येतो. कित्येक फोन लाल डोळे स्वतःच पुसून टाकतात आणि तसं कुणाला सांगतही नाहीत.

मानसीने घरातले पडदे ओढले आणि सगळ्यांना ओळीत बसवलं. सम्यक आधी डावीकडे, मग उजवीकडे. मग तिने मला उलटं धरलं. मला ती पद्धत आवडली. भिंगावर डाग असता, तर तो फोटोतल्या एकाच जागी राहिला असता आणि जो तिथे बसेल त्याच्यावर पडला असता. पण पांढरा ठिपका जागा बदलत होता. सम्यक जिथे जाईल तिथे तो जात होता, आणि सम्यकने माझ्याकडे सरळ पाहिलं की दर वेळी डाव्या डोळ्यातच बसत होता.

चंदाबाईंनी माझा पडदा बघितला. "शेजारीण बघंल तर दृष्ट म्हनंल. आपन मानीत न्हाय तसलं."

"मानायचं न्हाय तर मग बघायचं," मानसी म्हणाली.

 विनिताने सम्यकला समोर घेतलं आणि खेळ मांडला. त्याच्या डाव्या डोळ्यावर तळवा ठेवून म्हणाली, "आई कुठं हाय?" तो हसला आणि त्याने तिचं नाक धरलं. मग तिने उजवा डोळा झाकला. "आई कुठं हाय?" सम्यकचं हसू थांबलं. तो मान वळवून तिचा हात ओढू लागला आणि रडायला लागला. तिने हात काढला, पुन्हा डावा झाकला. तो हसला. तिने तिसऱ्यांदा करून बघितलं नाही.

"डाव्या बाजूनं ताट दिलं की याला दिसायचं न्हाय," ती हळू म्हणाली. "मी म्हनायची, पोरगं नाटकी हाय."

प्रीतमने ताट बाजूला सारलं. "एका भंगार कॅमेऱ्याच्या नादानं डॉक्टरकडं जायचं?"

"भंगार कॅमेरा खोटा निघाला तर मी तो खाडीत फेकीन," विनिता म्हणाली. "पन आधी जायचं."

हे वाक्य मी विसरलेलो नाही. पहिल्यांदाच मला मनापासून वाटलं, की आपण खोटे निघावं.

अलिबागला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरच्या फोटोची प्रत आधी पाहिली. "यात तर काहीच नाही."

"तो दुकानातून सुधारलेला हाय, मॅडम. मूळचा यात हाय," असं म्हणून मानसीने मला पुढे केलं.

बाईंनी मूळ फोटो बघितला आणि मोठा करून पुन्हा बघितला. नंतर त्यांनी शांतपणे सांगितलं की नजर तिरकी असली तर निरोगी डोळाही कधी कधी पांढरा येतो, एका फोटोवरून काही ठरत नाही. मग त्यांनी सम्यकच्या डोळ्यांत औषध घातलं आणि आत उजेड टाकून खूप वेळ तपासलं. डाव्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर गाठ होती. माझा उजेड त्या गाठीवर आपटून पांढरा होऊन परत येत होता. दिनानाथने जिच्यावर काळा ठिपका ठेवला, ती हीच.

त्याच आठवड्यात ते मुंबईच्या मोठ्या इस्पितळात गेले. उपचार लांबले. मला नेलं नव्हतं. मी खणात होतो आणि घरातल्या आवाजांवरून अंदाज बांधत होतो. चंदाबाई फोनवर एकच विचारायच्या, "पोर जेवलं का?" उत्तरावरून त्यांना बाकीचं कळायचं.

गाठ कर्करोगाची होती, पण डोळ्याबाहेर गेलेली नव्हती. सम्यक वाचला, डोळाही राहिला. त्या डोळ्याने त्याला आता फारच थोडं दिसतं. उजव्याने छान दिसतं. हे सगळं गोड झालं असं मी तुम्हांला सांगणार नाही. अर्धंच सांगणाऱ्या खोक्यातून मी आलो आहे, तसं पुन्हा करायचं नाही.

प्रीतमने भिंतीवरचा काळ्याभोर डोळ्यांचा फोटो उतरवला. तो दिनानाथकडे गेला आणि त्याला काय झालं ते सांगितलं.  आता कुणाच्या फोटोत एकच डोळा पांढरा दिसला, तर पुसण्याआधी दिनानाथ आईबापांना हाक मारतो.

मी पुन्हा कोरड्या तांदळाच्या डब्यात राहतो. दुसऱ्या डोळ्यातही कधी गाठ होऊ शकते, म्हणून सम्यकला ठरल्या वेळी मुंबईला नेऊन तपासतात. मी डॉक्टर नाही, माझ्यावर तेवढं सोडू नका. पण मधल्या दिवसांत, सणावाराला, विनिता स्वतःच डबा उघडते.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिच्या खोडी नीट समजून घ्या. आणि जे चांगलं दिसत नाही, ते पुसण्याआधी एकदा विचारा, की हे असं का दिसतंय. माझ्यावरही संशय घ्या. माझी हरकत नाही. मानसीने तो घेतला होता, म्हणून तर तिने मला उलटं धरून बघितलं.

परवा सम्यकच्या वाढदिवसाला सगळे ओळीत बसले. घरात दिवा मालवला, फ्लॅश उडाला. खीर वाढायची राहिली होती, तरी कुणी उठलं नाही. प्रीतम जागेवरूनच म्हणाला, "बघ गं. उजवा लाल हाय ना?"

मानसीने माझा पडदा डोळ्यांजवळ नेला.

"लाल हाय, दादा."

मग चंदाबाईंनी वाट्या मांडल्या.