सुकलेली हवा

“निकेत, हवा सुकलीय. रोपांना तहान लागलीय,” कमळ म्हणाली.

सुपरवायझर निकेतने भिंतीवरच्या स्क्रीनकडे बोट दाखवलं. “ऐंशी टक्के दमटपणा आहे, मावशी. कमी झाला की फवारे आपोआप सुरू होतात.”

“सकाळपासनं ऐंशीच हाय. जरापन हलला न्हाय तो आकडा.”

दिवेआगरच्या या ऑर्किडच्या पॉलीहाऊसमध्ये ती चार वर्षं कामाला होती. त्याआधी तिची स्वतःची पोफळीची वाडी होती. वादळाने एका दुपारात तीनशे झाडं आडवी केली. नवरा, दयाराम, त्यातून उठलाच नाही; दोन वर्षांत गेला. इथे पहिल्यांदा पाऊल टाकलं, तेव्हा छतातल्या फवाऱ्यांतून धुकं उतरलं आणि कमळला वाटलं, आपल्या वाडीतली पहाट कुणीतरी उचलून इथे आणून ठेवलीय. त्या धुक्यात ती पानं पुसायची आणि हलक्या आवाजात दयारामशी बोलायची. तोही जणू दोन ओळी पलीकडे वाकून काम करत असायचा.

आज धुकं उतरलंच नव्हतं. प्रयोगशाळेच्या बाटल्यांत वाढवलेली आणि कालच बाहेर काढलेली ऑर्किडची दोन हजार पिल्लं, बोटभर रोपं, माना टाकत होती.

निकेतने मुंबईला मालकांना फोन लावला. “कशालाही हात लावायचा नाही म्हणालेत. उद्या मेकॅनिक येईल.”

“उद्या काय ऱ्हाईल?” कमळने पदर खोचला. “कामावरनं काढलं तर काढू दे.”

तिने पाण्याचा पाईप ओढला आणि जमीन भिजवायला लागली. ओळीओळीने, वाफ उठेपर्यंत. निकेत दुसरा पाईप घेऊन समोरच्या टोकाला गेला. दिवसभर दोघं पाणी मारत होती.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. हवेतला दमटपणा मोजणारा सेन्सर बंद पडून एकाच आकड्यावर अडकला होता. त्याने तो बदलला आणि छतातून पुन्हा धुकं उतरलं. पिल्लं मात्र ताठ उभी होती.

“मावशी, तुम्हाला कळलं कसं?” निकेतने विचारलं.

“ओठ सुकले ना माझे,” ती म्हणाली आणि पानं पुसायला लागली.

संध्याकाळी ती निघाली. पॉलीहाऊसला दोन दारं होती. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आतलं दार तिच्यामागे मिटलं. बाहेरच्या दाराच्या काचेतून समुद्रापर्यंत वादळाने मोकळी, उघडी केलेली जमीन दिसत होती. कडीवर हात ठेवून कमळ तशीच उभी राहिली, केसांवरचे धुक्याचे बारीक थेंब सुकेपर्यंत.